मदत हवी आहे: गरम पाण्याचा झरा आणि त्याच्याभोवतीची जमीन कायमची राखायची आहे, कायद्याने कशी बांधता येईल?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलचक लिहितेय, पण मागचंपुढचं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना तुरळ, राजवाडी, आरवलीचे गरम पाण्याचे झरे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्याच पट्ट्यात आमचं गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण जमिनीचे दलालही असले धागे वाचतात. आमच्या सामाईक जमिनीत, खालच्या खाचराच्या कडेला असाच एक झरा आहे. तुरळसारखा कढत नाही, अंगाला सोसेल इतका ऊन. तळच्या रेतीतून बुडबुडे वर येत असतात, गंधकाचा हलका वास असतो आणि पाणी जिथून ओघळतं तिथल्या जांभ्यावर हिरवी बुळबुळीत साय धरलेली असते. कुंड वगैरे बांधलेलं नाही. चार चिरे लावून पाणी अडवलंय, तेवढंच. भातकापणी उरकली की वाडीतली म्हातारी माणसं गुडघे शेकायला तिथे येऊन बसतात. झऱ्याच्या वर आमची वरकस (भात न पिकणारी, हलकी) जमीन आणि सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. वाडीतल्या सगळ्यांची गुरं तिथे चरतात. त्यासाठी कुणी कधी विचारलं नाही आणि आमच्या घरातून कधी कुणाला अडवलं गेलं नाही.

सातबाऱ्यावर आता नावांची रांग लागली आहे. निम्मे लोक मुंबईत. गेल्या काही वर्षांपासून घरी एजंट येतात. एकाने तर काकांसमोर नकाशाच पसरला: झऱ्यावर काचेची शेड, बाजूला कॉटेजेस, आणि पाणी कमी पडू नये म्हणून दोन बोअर. काकांना विकायचं नाही, चुलतभावांनाही सध्या नाही. पण हे सगळं आजच्या माणसांच्या शब्दावर चाललंय. वीस-तीस वर्षांनी सातबाऱ्यावर जी नावं असतील, त्यांनी हा झरा कधी पाहिलेलाही नसेल.

बोअरची मला जास्त धास्ती वाटते. कोकणातले हे झरे ज्वालामुखीमुळे तापलेले नाहीत. पावसाचं पाणी बेसॉल्टमधल्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. ती वाट जवळच कुठे फोडली तर झरा थंड पडू शकतो किंवा आटूही शकतो. एकदा गेलेला झरा परत आणायचा उपाय कुणाकडे नाही.

हा विषय डोक्यात घट्ट बसला तो मी राहते त्या राज्यात एक ठिकाण पाहिल्यापासून. कोलोरॅडोमध्ये, डेन्व्हरहून गाडीने तीन-साडेतीन तासांवर, सॅन लुईस व्हॅलीत व्हिला ग्रोव्ह नावाचं छोटं गाव आहे. तिथे सांग्रे दे क्रिस्तो पर्वतरांगेच्या पायथ्याशी, साडेआठ हजार फुटांहून उंचावर, व्हॅली व्ह्यू नावाचे गरम पाण्याचे झरे आहेत. ज्या दांपत्याने ते वर्षानुवर्षं सांभाळले, त्यांनी त्यातून एक ना-नफा न्यास उभा केला: ओरिएंट लँड ट्रस्ट, २००१ साली. आज झरे या ट्रस्टकडे आहेत, खालची एव्हरसन रँच नावाची जुनी गुरांची जमीन आहे आणि डोंगरातली लोखंडाची बंद पडलेली ओरिएंट खाणही आहे. खाणीत उन्हाळ्यात सुमारे अडीच लाख वटवाघळं येऊन राहतात. संध्याकाळी लोक चालत वर जातात, गप्प बसतात, आणि खाणीच्या तोंडातून काळा पट्टा सुटावा तशी ती बाहेर पडताना पाहतात. (कुणी जाणार असाल तर आधीच सांगते, तिथे कपडे घालणं ऐच्छिक आहे. मुलांना, वडीलधाऱ्यांना घेऊन जाण्याआधी ते माहीत असलेलं बरं.)

मला भिडली ती व्यवस्था. झऱ्यावर एका दिवशी ठरावीकच माणसं घेतात, मागणी कितीही असो. त्यांच्या शुल्कातून आणि देणग्यांतून जमीन राखली जाते. वीजसुद्धा तिथल्याच ओढ्याच्या पाण्यावर बनवतात. झरा, कुरण आणि खाण यांचे तुकडे न पाडता सगळं एका हाती ठेवलंय, आणि तो हात नफ्यासाठी जमीन विकणाऱ्याचा नाही.

अमेरिकेत आणखी एक सोय आहे, कॉन्झर्वेशन ईझमेंटची. जमीन तुमचीच राहते, तुम्ही गुरं चारा, पीक घ्या, मुलांना द्या, विका. फक्त तुकडे पाडण्याचा आणि बांधकाम करण्याचा हक्क तुम्ही दस्त करून कायमचा सोडता आणि तो पाळला जातोय का हे बघायचं काम एखाद्या लँड ट्रस्टकडे, म्हणजे जमिनी राखणाऱ्या ना-नफा संस्थेकडे, सोपवता. पुढच्या प्रत्येक मालकाला ते बंधन लागू होतं.

आता माझे प्रश्न. असं काही आपल्याकडे करता येतं का? शेतजमीन सार्वजनिक न्यासाच्या नावे करायला काय लागतं? वाडीची गुरं आणि वाडीचं पाणी हे कागदावर कसं आणायचं, म्हणजे उद्या न्यासच कुंपण घालून बसणार नाही? आणि मी स्वतः ओसीआय आहे, म्हणजे नागरिकत्व परदेशी आणि भारताचं ओव्हरसीज सिटिझन कार्ड. वारसाहक्काने माझा हिस्सा माझ्याकडे राहू शकतो हे माहीत आहे, पण शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही, त्यामुळे चुलतभावांचे हिस्से माझ्या नावावर गोळा करणं हा मार्ग बंद आहे. झऱ्यावर पर्यटन आणायची आमची इच्छा नाही. ज्यांनी प्रत्यक्ष कचेऱ्यांचे खेटे घातले आहेत त्यांचा अनुभव हवाय.

प्रतिसाद १

ताई, मी जमिनीच्या कामांतला वकील आहे, म्हणून कडू भाग आधी सांगतो. अमेरिकेसारखं ईझमेंट आपल्याकडे बसत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे असा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. नुसत्या संस्थेला, तिची शेजारी जमीन नसताना, तो देता येत नाही. बक्षीसपत्रात 'ही जमीन कधीही विकू नये' असं लिहाल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १० अशी सरसकट बंदी रद्दबातल ठरवतं.

न्यासाचा मार्ग आहे, पण वाटेत कुळकायद्याचं (१९४८ चा कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम) कलम ६३ आडवं येतं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकणं, बक्षीस देणं, पट्ट्याने देणं परवानगीशिवाय चालत नाही, आणि न्यास शेतकरी धरला जात नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागेल. मृत्युपत्राने ठेवू असं मनात असेल तर तेही सोपं नाही: गुजरातला लागू असलेल्या याच १९४८ च्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय की शेतकरी नसलेल्याला मृत्युपत्रानेही जमीन जात नाही.

परवानगी मिळाली तर मात्र पकड चांगली बसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी झालेल्या न्यासाला स्थावर मिळकत विकायला, बक्षीस द्यायला किंवा शेतजमीन १० वर्षांहून जास्त काळ पट्ट्याने द्यायला कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे अभेद्य कुलूप नाही, आयुक्त परवानगी देऊही शकतात. पण एखाद्या विश्वस्ताच्या मनात आलं आणि एजंटला सही देऊन टाकली, असं होत नाही. न्यासाचा उद्देश लिहिताना झरा, चराई, वाडीची वहिवाट हे शब्द स्पष्ट घाला. 'ग्रामविकास' असा मोघम उद्देश लिहिलात तर उद्या रिसॉर्टही त्यात बसेल.

वाडीच्या हक्काबद्दल: त्याच सुविधाधिकार अधिनियमाचं कलम १८ रूढीने आलेल्या हक्कांचं आहे, आणि त्यात दिलेलं पहिलंच उदाहरण गावाच्या कुरणावर गुरं चारण्याच्या रूढीचं आहे. तुमची जमीन खासगी असल्याने ते आपोआप लागू होणार नाही, पण जुन्या माणसांचे जबाब आताच लिहून ठेवा. ती माणसं गेली की वहिवाट सिद्ध करणं फार जड जातं.

प्रतिसाद २

जैवविविधतेच्या बाजूनेही बघा. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाप्रमाणे स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून राज्य शासन एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. आंबोलीत महादेवाच्या देवळाजवळच्या पाण्यात सापडलेल्या हिरण्यकेशी माशाच्या अधिवासाला २०२१ मध्ये असा दर्जा मिळाला. छोटी जागा, वाहतं पाणी, देवळाची राखण. तुमच्या झऱ्याशी बरंच जुळतं. सुरुवात ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीपासून करा आणि लोक जैवविविधता नोंदवहीत (ही समिती गावातल्या जीवसंपदेची ठेवते ती नोंद) झऱ्याची नोंद घ्यायला लावा. जांभ्यावरची ती हिरवी साय घासून काढू नका, कुणाला काढूही देऊ नका. ऊन पाण्यातले सूक्ष्मजीव हाच अशा ठिकाणचा खरा ठेवा असतो, आणि अभ्यासकाला बोलवाल तेव्हा तो पहिल्यांदा तेच पाहील.

प्रतिसाद ३

ताई, बाकी सगळं नंतर. आधी मोजणी करून घ्या. झरा नेमका कुठल्या गट नंबरात येतो हे भूमी अभिलेखच्या नकाशावर दिसू दे. आमच्याकडे सगळे 'आमचाच' म्हणत होते, मोजणीत विहीर निघाली शेजाऱ्याच्या हद्दीत. आणि वाटणी झाली नसेल तर झऱ्याचा आणि सड्याचा गट एकाच हिश्शात जाईल असं वाटणीपत्र आताच करा. काका आहेत तोवर सगळे एका खोलीत बसतील.

धागाकर्ती

मनापासून आभार. वकीलसाहेब, तुम्ही आडवळण न घेता सांगितलंत, त्याने खूप गोष्टी मार्गी लागल्या.

काल काकांशी आणि दोन्ही चुलतभावांशी बोलले. मोजणीचा अर्ज ते याच महिन्यात देणार आहेत. वाटणीत झऱ्याचा आणि वरच्या सड्याचा गट काकांच्या शाखेकडे एकत्र ठेवायला कुणाचीच हरकत नाही, बदल्यात रस्त्याकडेची जमीन इतरांना जाईल. वाडीतल्या सगळ्यात जुन्या गुराख्याचा जबाब कसा लिहून घ्यायचा हेही काकांनी तलाठ्यांना विचारायचं ठरवलंय. साय घासायची नाही हा निरोप पोचवला. दरवर्षी कुणीतरी हौसेने चिरे स्वच्छ करायचं, ते आता बंद.

पुढचं विचारते. पंचवीसेक एकर वरकस जमीन चराईसाठीच ठेवणाऱ्या न्यासाला कलम ६३ खाली परवानगी मिळाल्याचं कुणी पाहिलंय का, आणि अर्जासोबत काय जोडलं होतं? जमीन काकांच्याच नावावर ठेवून वाडीचा पाण्याचा आणि चराईचा हक्क नोंदणीकृत दस्ताने देऊन सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात चढवला तर तो पुढच्या खरेदीदारावर टिकतो का? शाळा किंवा दवाखान्यासाठी नाही, नुसत्या कुरणासाठी आणि पाण्यासाठी हे कुणी केलं असेल तर कृपया लिहा, रत्नागिरी जिल्ह्यातलं असेल तर फारच उत्तम.