बी.एस्सी. फिजिक्सनंतर इंजिनियर व्हायचंय: परत बी.ई. की मास्टर्स?

लॅबवाली_शिरोली
नमस्कार. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या (धातू ओतायच्या कारखान्याच्या) लॅबमध्ये काम करते. बी.एस्सी. फिजिक्स, ६८ टक्के, बारावीला गणित होतं. स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजायच्या यंत्रावर) हीटचं, म्हणजे भट्टीतल्या एका वितळीचं सॅम्पल लावायचं, कार्बन-सिलिकॉन बघून भट्टीवर कळवायचं, वाळूची ओल तपासायची. काम मनापासून आवडतं. पण रिजेक्शनच्या (नापास झालेल्या मालाच्या) मीटिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतलेल्या मालात वायूमुळं पडलेली पोकळी, कशानं आले हे इंजिनियर ठरवतात, माझ्याकडून फक्त आकडे घेतात. मला ते कारण शोधायचं काम करायचंय. बाबा म्हणतात, एक पदवी झालीय, आता मास्टर्स कर, परत मागं कशाला जायचं. मामा म्हणतात, बी.ई.शिवाय कुणी इंजिनियर म्हणत नाही. वय २४. नोकरी सोडली तर घरात एकच पगार उरतो. काय करू?

राजारामपुरीकर
एम.एस्सी. करा. शिवाजी विद्यापीठाचा फिजिक्स विभाग थिन फिल्म (पदार्थांचे अतिपातळ थर) आणि मटेरियलच्या संशोधनासाठी नावाजलेला आहे. फी पण इंजिनियरिंगच्या मानानं पुष्कळ कमी.

ओतकाम
ताई, मी याच धंद्यात आहे म्हणून सविस्तर लिहितो. आधी वर्षं मोजा. नुसत्या बी.एस्सी.वर एम.टेक.ला सहसा घेत नाहीत, मध्ये एम.एस्सी. करावी लागते. म्हणजे दोन आणि दोन, चार वर्षं. बी.ई. मात्र तुम्हाला पहिल्यापासून करायची नाही. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी.वाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, खुल्या गटाला ४५ टक्के लागतात. म्हणजे तीन वर्षं. बाबांना हा हिशोब दाखवा, "मागं जाणं" वाटतंय तेवढं मागं नाही.

दुसरं, आणि माझ्या मते हेच जास्त महत्त्वाचं: पुढं जिथं जिथं नियम आड येतात, तिथं पायाची पदवी विचारतात. एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेला त्या त्या शाखेची इंजिनियरिंगची पदवी लागते. इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचं म्हटलं तर एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०१९ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला बी.ई. आणि एम.ई. दोन्ही हवं. बी.ई. झाल्यावर एम.टेक. कधीही करता येतं, पण एम.टेक. झाल्यावर बी.ई.ला परत बसणारं मी कुणी बघितलेलं नाही. तुमचं मन शॉपफ्लोअरवर आहे, मेकॅनिकल घ्या.

प्रवेशाला सीईटी नाही, बी.एस्सी.च्या मार्कांवर यादी लागते. डिप्लोमावाल्यांना आधी घेतात, म्हणून पर्याय भरताना एकाच कॉलेजवर अडून बसू नका. केआयटी, डी. वाय., ईश्वरपूरचं (आधीचं इस्लामपूर) आरआयटी, सगळी भरा.

धातूवेडा
ओतकाम दादांचं नियमांबद्दलचं बरोबर, पण एक बाजू राहिली. ब्लो होल का आला, ओतीव लोखंडातल्या ग्रॅफाइटच्या गाठी नीट का झाल्या नाहीत, हे प्रश्न मेकॅनिकलपेक्षा धातुशास्त्राचे आहेत. मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात ओतकामाला जागा थोडी. काही आयआयटींचे मटेरियल विभाग एम.एस्सी. फिजिक्सवाल्यांना गेट या प्रवेश परीक्षेवर एम.टेक.ला घेतात, आणि गेट पात्र असेल तर महिना १२,४०० रुपये मिळतात. संशोधनात किंवा मोठ्या कंपनीच्या आर अँड डीमध्ये जायचं असेल तर चार वर्षं वाया जात नाहीत. सरकारी नोकरी किंवा प्राध्यापकी डोक्यात नसेल तर मी याच वाटेनं जाईन.

लॅबवाली_शिरोली
सगळ्यांचे आभार. मला कोल्हापूर सोडायचं नाही आणि फाउंड्रीही सोडायची नाही, त्यामुळं बी.ई.कडं कल झालाय. दोन शंका. पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग माझं झालेलंच नाही, त्याचं काय? आणि नोकरी सांभाळून होईल का?

ओतकाम
इंजिनियरिंग ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स हे पहिल्या वर्षाचे दोन विषय बी.एस्सी.वाल्यांना दुसऱ्या वर्षाबरोबर सोडवावे लागतात. मेकॅनिक्स तुम्हाला फिजिक्समुळं जड जाणार नाही. ग्राफिक्सची तयारी प्रवेशाच्या आधीच सुरू करा, प्रोजेक्शनचा सराव रोज हवा. रेग्युलर कॉलेज करून फुल टाइम शिफ्ट जमत नाही, हे स्पष्ट सांगतो. मात्र कामावर असणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालवायला एआयसीटीई २०२३-२४ पासून मंजुरी देते, किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. जवळच्या कुठल्या कॉलेजला, कुठल्या शाखेला ती मंजुरी आहे हे फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जाऊन लेखी विचारून घ्या. आणि मालकांशी आत्ताच बोला. लॅबमधला तयार माणूस कुणालाच सोडायचा नसतो, बऱ्याचदा शिफ्ट बदलून देतात.

धातूवेडा
बी.ई.चा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तुमच्याच फाउंड्रीच्या रिजेक्शनवर घ्या. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचं कोल्हापूर चॅप्टर आहे, त्यांच्या कार्यक्रमांना आत्तापासूनच जायला लागा.