हूल, चकवा की बनाव? अमेरिकेतल्या शालेय फुटबॉलमधला ‘ट्रिक प्ले’

प्रश्न : आमच्या मंडळाच्या अंकासाठी इथल्या हायस्कूल फुटबॉलवर (म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलवर) लेख लिहितेय. ‘ट्रिक प्ले’ला मराठीत काय म्हणावं? ‘फसवा डाव’ म्हटलं की मुलं लबाड ठरतात. ‘गनिमी कावा’ कसा वाटतो?

प्रतिसाद : ताई, गनिमी कावा नको. तो थोडक्यांनी बलाढ्याशी लढायचा. इथे अकरांपुढे अकराच. सरळ ‘हूल’ घ्या. कबड्डीत चढाई करणारा डाव्या कोपऱ्यावर झेपावल्यासारखं करतो आणि उजव्याला टिपतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाही. ‘फ्ली-फ्लिकर’ अगदी तसाच. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास फेकणारा गडी, चेंडू शेजारच्या धावणाऱ्याच्या हाती देतो, बचावफळी त्याच्यावर तुटून पडायला निघते, तेवढ्यात तो चेंडू मागे क्वार्टरबॅककडे टाकतो आणि लांबवर पास जातो.

प्रतिसाद : हूल मान्य, पण सरसकट नको. २०१० साली टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टीतल्या एका मिडल स्कूलच्या सामन्याचा व्हिडिओ जगभर फिरला. पेनल्टीचे (समोरच्यांना दंड म्हणून चेंडू पुढे सरकवायचे) पाच यार्ड अजून मिळायचे आहेत असं प्रशिक्षक बाहेरून ओरडले. क्वार्टरबॅकने सेंटरच्या (चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणाऱ्या गड्याच्या) खांद्यावरून चेंडू घेतला, समोरच्या मुलांच्या मधून शांतपणे चालत गेला आणि मग सुसाट पळाला. टचडाउन, म्हणजे चेंडू गोल-रेषेपार नेल्याचे गुण, मिळाला. समोरची पोरं गोंधळून उभीच. ही हूल नव्हे, हा ‘बनाव’. हूल खेळाच्या आत दिली जाते. इथे खेळ सुरूच झालेला नाही असं भासवलं. आणि तेही मोठ्या माणसाने, पंचांच्या निर्णयावर पोरांचा जो विश्वास असतो त्याचा फायदा घेऊन. मला हे मुळीच पटत नाही.

टेक्सासच्या शाळा कॉलेजच्या नियमांनी खेळतात. बहुतेक राज्यांत मात्र शालेय महासंघाचे, म्हणजे एनएफएचएसचे, नियम चालतात. काहीतरी अडचण आहे, स्नॅप (सेंटरने चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणं) एवढ्यात होणार नाही, असं भासवणारी कृती किंवा बोलणं तिथे खिलाडूपणाबाहेरचं आणि बेकायदा धरतात. क्रिकेटमध्येही २०१७च्या नियमावलीत कलम ४१.५ आलं : चेंडू हातात नसताना फेकीचं सोंग करून फलंदाजाला फसवलं, तर पाच धावांचा दंड.

मूळ प्रश्नकर्ती : मग १९०३चा कार्लाइल–हार्वर्ड सामना कशात धरू? कार्लाइल इंडियन स्कूलच्या (अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या शाळेच्या) मुलांनी उत्तरार्धाच्या किक-ऑफला चेंडू एकाच्या जर्सीत पाठीवर खुपसला आणि तो तसाच गोल-रेषेपार गेला. हार्वर्ड १२–११ने जिंकलं, तरी लोकांच्या लक्षात राहिला तो हाच डाव.

प्रतिसाद : ‘चकवा’. चेंडू लपवला, पण खेळ चालू आहे हे हार्वर्डला पक्कं ठाऊक होतं. तेव्हाच्या नियमांत त्याला बंदीही नव्हती.

प्रतिसाद : क्रियापदं तेवढी सांभाळा ताई. हूल ‘देतात’, चकवा ‘देतात’, बनाव ‘रचतात’. ‘बनाव खेळला’ असं छापू नका.