निर्मम, निष्ठुर की बेमुर्वत? ‘सक्सेशन’मधल्या एका वाक्यासाठी मदत हवी

आईबरोबर ‘सक्सेशन’ बघते आहे. तिला इंग्रजी संवाद झेपत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून भराभर मराठीत सांगत जाते. दुसऱ्या पर्वाच्या दुसऱ्या भागात (२०१९) अडले, ती अजून अडलेलीच आहे.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. लोगन रॉय हा अमेरिकेतल्या एका अवाढव्य माध्यमसमूहाचा मालक. त्याला चार मुलं. म्हातारा गादी सोडत नाही आणि कोणाला देणार तेही सांगत नाही, यावर २०१८ ते २०२३ अशी चार पर्वं झाली. मुलगा केंडल यानं पहिल्या पर्वात ‘व्हॉल्टर’ नावाची डिजिटल कंपनी हट्टानं विकत घेतलेली असते. दुसऱ्या पर्वात ती बंद करायचं घाटतं, तेव्हा केंडल आधी तिची बाजू घेतो. मग वडिलांचा निर्णय होतो, आणि हाच केंडल तिथं जाऊन जमलेल्या सगळ्यांना एका दमात घरी पाठवतो. संस्थापक विचारतो, का? तो एका ओळीत सांगतो की वडिलांनी सांगितलं म्हणून.

मी आईला सांगितलं, “बाबांनी सांगितलं म्हणून.”

आई म्हणाली, “चला, बापाच्या शब्दाबाहेर गेला नाही म्हणजे.”

मला चर्र झालं. पडद्यावर एक माणूस आतून रिकामा झालेला दिसतो आहे, आणि माझ्या मराठीनं त्याला गुणी मुलगा करून टाकलं. आईची चूक नाही. ‘वडिलांच्या शब्दाबाहेर नाही’ हे आपल्याकडे कौतुकानंच म्हणतात. इंग्रजीत मोठ्या माणसानं तेच वाक्य म्हटलं की त्यात लाज असते. ती लाज मराठीत आणायची कशी?

शिवाय दोन शब्द हवेत. ‘रूथलेस ले-ऑफ’ला काय म्हणावं? आणि ‘फॅमिली लॉयल्टी’ला? ‘कुटुंबनिष्ठा’ मी एकदा म्हणून पाहिलं, तोंडात खडा आल्यासारखं वाटलं.

*

‘निर्मम कपात’. बातम्यांत सर्रास येतं हल्ली.

*

‘निर्मम’ला माझा विरोध आहे, आणि तो कळकळीचा आहे. निर् + मम. ज्याच्या ठायी ‘माझं’ उरलं नाही तो निर्मम. गीतेत दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी स्थितप्रज्ञाचं वर्णन करताना ‘निर्ममो निरहंकारः’ आलं आहे, आणि बाराव्यात भक्ताची लक्षणं सांगताना पुन्हा तेच शब्द. म्हणजे हा संतांचा शब्द. हिंदीत ‘निर्मम हत्या’ रुळलं आणि तिथून आपल्या बातम्यांत आलं. तेवढ्यावर मी अडून बसलो नसतो, शब्द अर्थ बदलतातच. पण धाग्यातलं दृश्य पाहा. केंडल लोकांना काढतो ते त्याच्यात ममत्व नाही म्हणून काढतो का? उलट आहे. माझा बाप, माझं घर, माझी गादी, हे ‘माझं’ त्याच्यात इतकं ठासून भरलं आहे की समोरची माणसं त्याला दिसतच नाहीत. त्याला निर्मम म्हणणं म्हणजे रोगाला औषधाचं नाव देणं.

‘निर्घृण’ही सुचेल कोणाला, म्हणून त्याचंही सांगून टाकतो. संस्कृतात ‘घृणा’ला दया असाही अर्थ आहे, म्हणून निर्घृण म्हणजे दया नसलेला. मराठीत घृणा म्हणजे फक्त किळस उरली, आणि ‘निर्घृण’ एकटाच जुना अर्थ सांभाळत बसला. गंमत म्हणजे इंग्रजी ‘रूथलेस’चं अगदी हेच झालं आहे. ‘रूथ’ म्हणजे कणव. तो शब्द स्वतंत्रपणे आता कोणी वापरत नाही, त्याचा अभाव सांगणारा तेवढा मागे राहिला. व्युत्पत्तीनं पाहिलं तर याहून जवळचा जोडीदार सापडायचा नाही. तरीही इथे चालणार नाही. मराठीत निर्घृण म्हटलं की पुढे ‘खून’ किंवा ‘हत्या’च येते. रक्त सांडल्याशिवाय तो शब्द येत नाही.

*

मग ‘निष्ठुर’? आई-बाप निष्ठुर होतात, दैव निष्ठुर होतं. ज्याच्याकडून मायेची अपेक्षा होती त्यानं ती दाखवली नाही की आपण निष्ठुर म्हणतो. तो शब्द लोगनला द्या, त्याला शोभेल. केंडलकडून व्हॉल्टरच्या लोकांना मायेची अपेक्षा नव्हती, फक्त शब्द पाळण्याची होती.

*

मी कामगार संघटनेत पुष्कळ वर्षं काम केलं आहे, म्हणून ‘ले-ऑफ’बद्दल लिहितो. हा शब्द मराठी कामगाराच्या तोंडी आहे, पण त्याचा अर्थ तुम्हाला हवा तो नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ आणि रिट्रेंचमेंट या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल आला नाही, माल पडून राहिला, यंत्र मोडलं, अशा कारणानं मालक काम देऊ शकत नसेल तर तो ले-ऑफ. त्यात मस्टरवरचं नाव कायम राहतं आणि पात्र कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याची निम्मी रक्कम मिळते. “ले-ऑफवर आहे” म्हणजे घरी बसला आहे पण नोकरी शाबूत आहे. कायमचं काढलं तर ती रिट्रेंचमेंट, मराठीत कामगार कपात. तिला महिनाभराची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि झालेल्या नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांची सरासरी मजुरी भरपाई. शिवाय साधारण दंडक असा की शेवटी आला तो आधी जातो. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे दोन शब्द वेगळेच ठेवले आहेत.

त्यामुळे मालिकेतल्या प्रसंगाला मी ले-ऑफ म्हणणार नाही. माझ्या पिढीच्या कामगाराला त्यातून ‘थोड्या दिवसांनी बोलावतील’ असा दिलासा ऐकू येईल. आणि कंपनीच गुंडाळत असतील तर ती कपातही नव्हे, ते सरळ ‘बंद करणं’. ‘टाळेबंदी’ तर नकोच. टाळेबंदी मालक भांडणात हत्यार म्हणून करतो, वाद मिटला की टाळं निघतं.

एक विचारतो. त्या भागात ते लोक युनियन करायच्या बेतात असतात ना? ते आईंना सांगितलंत का? ते सुटलं तर निम्मा अर्थ सुटला.

*

सांगितलं होतं. धाकटा भाऊ रोमन त्यांच्यात मिसळून ती बातमी काढून आणतो, तेव्हा आई म्हणाली, “संपलं आता यांचं.” तिथे शब्दाची गरजच पडली नाही.

ले-ऑफचा हा भेद मला माहीत नव्हता. आभार. मी ‘कपात’ म्हणत होते, पण तो शब्द मला थंड वाटतो. पाणीकपात, पगारकपात, नोकरकपात. आकड्याला कात्री लावल्यासारखा.

*

थंड आहे म्हणूनच बरोबर आहे. काढणाऱ्याच्या तोंडी तोच शब्द असतो. मराठीत माणसाला नोकरीवरून काढायला इतके शब्द आहेत की प्रत्येकात काढणारा कुठे उभा आहे ते दिसतं. बडतर्फ करतात तेव्हा माणसावर ठपका असतो. हकालपट्टीत अपमान असतो, चारचौघांत हुसकावल्याचा. डच्चू संघातून किंवा मंत्रिमंडळातून मिळतो, त्यात पुन्हा आत येण्याची शक्यता असते. नारळ देतात तो निरोपाचा, म्हणून मला तो फार बोचतो: मान देण्याची वस्तू हातात ठेवून दार दाखवायचं. छाटणी झाडाची करतात, पुढे फुटवा यावा म्हणून, आणि व्यवस्थापनाला हा शब्द आवडतो तो त्याचसाठी.

पण सगळ्यांत भेदक आपला साधा कचेरीतला शब्द आहे. ‘कमी करणे’. “त्याला कामावरून कमी केलं.” काढलं नाही, हाकललं नाही, कमी केलं. आणि कागदावर तर “कमी करण्यात आले”. कोणी केलं ते वाक्यातच नाही. माझ्या वडिलांना असं पत्र आलं होतं. ते पत्र ते पुन्हा पुन्हा वाचत, आणि एकदा मला म्हणाले, “यात करणारा कुठे आहे दाखव.” मी शाळेत होते, कर्ता-कर्म-क्रियापद नुकतंच शिकले होते. मला दाखवता आला नाही.

म्हणून मला केंडलचं ते वाक्य वेगळं वाटतं. त्यानं निदान कर्ता सांगितला. ‘वरून आदेश आहेत’, ‘बाजार पडला आहे’ असलं काही न म्हणता माणसाचं नाव घेतलं.

*

हे मी अजिबात पाहिलं नव्हतं. मी ते वाक्य फक्त दुबळेपणाचं समजत होते. वडिलांच्या पत्राबद्दल तुम्ही इथे लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

*

‘रूथलेस’साठी माझं मत ‘बेमुर्वत’. कोणी सुचवलं कसं नाही?

मुर्वत अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, मुळात माणुसकी, मोठं मन अशा अर्थाचा. मराठीत तो ‘भीड’ला चिकटला. “कोणाची भीडमुर्वत ठेवली नाही.” बेमुर्वत माणूस क्रूर असेलच असं नाही. त्याला समोरच्याचं दुःख आवडत नसतं, ते फक्त त्याच्या हिशेबात नसतं. बेमुर्वत कपात. चौथ्या पर्वात (२०२३) ग्रेग व्हिडिओ कॉलवर कर्मचाऱ्यांना घाऊक भावात काढतो, तिथे तर हा शब्द मापून शिवल्यासारखा बसतो. ग्रेगला त्यांच्यावर राग नाही. वर चढायचं आहे एवढंच. तोही घरचाच, लोगनच्या भावाचा नातू.

आणि केंडलच्या बाबतीत या शब्दाची दुसरी बाजू आपोआप उघडते. लोकांची मुर्वत त्यानं ठेवली नाही, कारण बापाची भीड मोडता येईना. ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात. इथे भीड एकाची आणि भीक दुसऱ्याच्या वाट्याला.

*

बेमुर्वत. पक्कं. वहीत लिहून घेतला.

आता लॉयल्टी. मी काल रात्री यावर बराच विचार केला, जमेल तसा मांडते. मराठीत निष्ठा वरच्या दिशेनं जाते. शिष्याची गुरूवर, सेवकाची धन्यावर, कार्यकर्त्याची पक्षावर. “वडिलांची मुलावर निष्ठा” असं वाक्य होत नाही, वडिलांची मुलावर माया असते. भावाभावांत निष्ठा नसते, ते एकमेकांच्या पाठीशी उभे राहतात किंवा राहत नाहीत. इंग्रजी लॉयल्टी मात्र वर, खाली, आडवी, कुठेही जाते. म्हणून लोगन मुलांकडे लॉयल्टी मागतो तेव्हा इंग्रजी ऐकणाऱ्याला लगेच जाणवतं की हा स्वतः ती कोणालाच देत नाही. मी ‘निष्ठा’ म्हटलं की ते जाणवणं संपतं, कारण निष्ठेची परतफेड करायची असते असं आपण मानतच नाही. इमान निदान दोन्हीकडून मागता येतं. खाल्ल्या मिठाला जागायचं तर मीठ घालणाराही लागतो.

*

त्या भागापुरती ती निष्ठाही नाही आणि इमानही नाही. पहिल्या पर्वाचा शेवट आठवा. बहिणीच्या लग्नात केंडलच्या हातून अपघात होतो, एक पोरगा जीव गमावतो, आणि लोगन ते दडपतो. केंडल बापाविरुद्धची चाल मागे घेतो. दुसऱ्या पर्वात तो बापाच्या मागे फिरतो ते त्या उपकाराखाली दबून. याला मराठीत एकच शब्द आहे: मिंधा.

*

मिंधा!

हा शब्द मला सुचायला हवा होता. काल आईला तोच भाग पुन्हा लावून दिला. त्या वाक्याच्या आधीच सांगितलं की हा आता बापाचा मिंधा आहे, अपघाताचं आठवतं ना. आणि वाक्य बदललं. ‘बाबांनी’ काढून टाकलं, कारण परक्या माणसापुढे आपण ‘वडिलांनी’ म्हणतो. मग वाटलं, नको, ‘बाबांनी’च बरोबर आहे. चाळिशीला टेकलेला माणूस कंपनी बंद करताना संस्थापकापुढे ‘बाबांनी’ म्हणतो, तिथेच ते लहान पोर दिसतं. लाज त्या शब्दात होती, मी ती आधी घाईत म्हणून टाकली होती. या वेळी मी हळू म्हटलं, आणि ‘म्हणून’ काढून टाकलं. “बाबांनी सांगितलं.”

आई काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “त्या काढलेल्या लोकांचं पुढे दाखवतात का?”

दाखवत नाहीत, असं सांगितलं.

‘किलर’चं राहिलं आहे. दुसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागात लोगन केंडलला सांगतो की तू किलर नाहीस आणि या धंद्यात ते असावं लागतं. मारेकरी म्हटलं तर सुपारी घेतलेला वाटतो, खुनी म्हटलं तर तो अपघातच आठवतो. कदाचित तसा तो आठवायलाच हवा. त्याच भागात कोणाचा तरी बळी द्यायचं ठरतं आणि तो रक्ताच्या नात्यातलाच निघतो. तिथे ‘रक्त’ मराठीतही दोन्ही अर्थांनी चाललं. ‘किलर’ला मात्र अजून काही मिळालेलं नाही. आम्ही त्या भागाला पुढच्या रविवारी पोचू, तोवर सुचलं तर लिहा.