मदत हवी आहे: खोक्यातले सप्तर्षी आणि 18 अंशांचं नक्षत्रचक्र

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या गावातल्या वाचनालयात (सातारा जिल्हा) पाचवी ते आठवीच्या पोरांसाठी आकाशदर्शन ठेवतोय. टेलिस्कोप नाहीये, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला नकोच, पोरं लायनीत उभी राहून दोन सेकंद डोळा लावतात आणि नंतर विचारलं की कुठल्या दिशेला बघितलं तर तेही सांगता येत नाही. त्यापेक्षा दुपारी कागदाचे तारे करायचे आणि रात्री गच्चीवर तेच वर शोधायचे असा बेत आहे. पण दोन ठिकाणी गाडी अडलीय.

पहिलं म्हणजे सप्तर्षी. बुटांचा खोका घ्यायचा, एका टोकाला डोळ्यापुरतं भोक, आत झाकणाला दोऱ्याने लटकवलेले सात कागदी तारे. स्केल 1 सेंमी म्हणजे 4 प्रकाशवर्षं. मधले पाच तारे साधारण 80 प्रकाशवर्षांवर, म्हणजे भोकापासून 20 सेंमी, शेपटाच्या टोकाचा मरीची 104 म्हणजे 26, आणि दुसऱ्या टोकाचा क्रतू 123 म्हणजे जवळजवळ 31, पार मागच्या भिंतीला टेकला. भोकातून बघितलं की मस्त पतंग दिसतो (आमच्याकडची जुनी माणसं बाज आणि तीन चोर म्हणतात) आणि बाजूची भिंत कापून तिथून बघितलं की पतंगबितंग काही नाही, नुसती पांगापांग!! सगळी गंमत यातच आहे. पण पंखा लावला की ऋषी गिरक्या घ्यायला लागतात. दोऱ्याऐवजी खराट्याच्या काड्या थर्माकोलमध्ये खोचल्या तर चालेल का, की काड्याच जास्त दिसतील? शिवाय सगळे तारे एकाच मापाचे कापले तर मागचा क्रतू बारीक दिसतो, आकाशात तर तो चांगला ठळक आहे आणि अत्री (शेपूट जिथे पतंगाला जोडलंय तो) जवळ असूनही सातांत सगळ्यात मंद. अत्री टिकलीएवढा केला, बाकीच्यांची मापं ठरवायची काही सोपी युक्ती?

दुसरं नक्षत्रचक्र, म्हणजे तारीख आणि वेळ जुळवून फिरवलं की त्या वेळचं आभाळ खिडकीत दाखवणारी कागदी चकती. नेटवर फुकट मिळतात ती बहुतेक 40-50 अंश अक्षांशाची. त्यात ध्रुव निम्म्या आभाळात चढलेला, आपल्याकडे जेमतेम 18 अंश, हात लांब करून धरलेल्या दोन मुठीसुद्धा नाहीत. आणि दक्षिणेचं आभाळ छाटूनच टाकलेलं. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास आपल्याला दक्षिणेला त्रिशंकू (चार ताऱ्यांचा क्रूस, सदर्न क्रॉस) दिसतो, क्षितिजापासून फार तर बारा अंश वर, तो त्यात नाहीच!! मी 18 अंशांची खिडकी काढून बघितली तर दक्षिणेची बाजू इतकी फाकते की त्रिशंकू ओळखू येत नाही. त्यापेक्षा एका बाजूला उत्तर आणि पाठीमागे दक्षिण असं दुतर्फी चक्र कुणी पोरांकडून करून घेतलंय का? पाचवीतल्याला झेपेल?

जाता जाता, तारे गोल कापायचे की टोकांचे? माझं मत गोल. बायको म्हणते टोकं नसली तर पोरं कात्री हातात धरणार नाहीत, आणि दिवाळीत आकाशकंदील तीच करून घेते त्यामुळे तिचं ऐकावं लागणार बहुतेक. स्वाती ताऱ्याला नारिंगी आणि चित्रा ताऱ्याला निळसर पतंगाचा कागद आणून ठेवलाय.

अमावास्येजवळचा शनिवार धरलाय, वळवाने घात केला नाही तर. दुतर्फी चक्राची ए-फोर फाइल कुणाकडे असेल तर इथेच टाका, कार्डशीट त्या मापाने आणतो.