विजयदुर्गाला ३० वर्षांत २ खग्रास सूर्यग्रहणं आणि आपल्याला एकही नाही??

हापूसवाला: मे महिन्यात विजयदुर्गाला गेलेलो, किल्ल्यात ते साहेबाचे ओटे दाखवतात ना, गाईड म्हणाला १८६८ ला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबाने इथूनच खग्रास बघून हेलियम शोधला. घरी येऊन सर्च केलं तर १८९८ ला पण तिथेच खग्रास! आणि मी चाळिशीला आलो तरी खंडग्रासच्या पुढे काही बघितलं नाही. कोकणाचं काही स्पेशल आहे का?

तारेवरचीकसरत: स्पेशल काही नाही हो, नशीब. पृथ्वीवर कुठे ना कुठे साधारण दीड वर्षातून एकदा खग्रास होतंच, पण चंद्राच्या गडद सावलीचा पट्टा असतो शे-दोनशे किमीचा आणि त्यातला बराचसा समुद्रावरून जातो, त्यामुळे एकाच गावाला पुन्हा नंबर लागायला सरासरी ३७५ वर्षं. आता सरासरी म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल नव्हे. १८६८ चा पट्टा कोकणातून जमखंडी, विजापूर करत गुंटूरकडे उतरला, १८९८ चा जेऊरवरून वर ईशान्येकडे गेला, आणि दोघांची फुली पडली नेमकी विजयदुर्गाजवळ. चंद्रग्रहणाचं तसं नाही, रात्र असलेल्या अर्ध्या पृथ्वीला एकदम दिसतं, म्हणून ती आपण गच्चीवरून कितीतरी बघतो.

आणि गाईडला सांगा, १८६८ ला लॉकियर इंग्लंडातच होता, सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसताना घरून बघितली. विजयदुर्गाला तो खरंच आला, पण १८९८ ला.

पावसाळीढग: पट्ट्यात जाऊन उभं राहिलं म्हणजे दिसतंच असं पण नाही बरं का 😅 २२ जुलै २००९ ला आम्ही चौघं रात्रभर गाडी चालवून सुरतला गेलो, सकाळी साडेसहाच्या आत खग्रास, आणि वर नुसते ढग. सूर्य काही दिसला नाही पण भर सकाळी तीनेक मिनिटं असा अंधार पडला की कुत्री भुंकायची थांबली, आमच्यातला एक बडबड्या पण गप्प. चष्मे तसेच घरी आणले.

हापूसवाला: अरे बापरे, म्हणजे गाईडने गंडवलं. मग पुढचं कधी, सुट्टी टाकून ठेवतो

तारेवरचीकसरत: २ ऑगस्ट २०२७, इजिप्तमध्ये लक्सरला ६ मिनिटांच्या वर. आपल्याकडे खंडग्रासच, तेही ऑगस्टच्या ढगांतून. भारतातच बघायचं तर २० मार्च २०३४, कारगिलच्या बाजूला.

पावसाळीढग: मी लक्सर. वाळवंट आहे, पाऊस तरी नाही.