मदत हवी आहे : बरणीत आलंय ते कोंबुचाच आहे ना?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातून लिहितोय, राजारामपुरीत राहतो. स्वयंपाकघरातला हा माझा पहिलाच उपद्व्याप, सांभाळून घ्या.

महिन्याभरापूर्वी कोंबुचाची (गोड चहा आंबवून करतात ते पेय) चकती ऑनलाइन मागवली. पाकिटात नुसती चकती, सोबत आंबट पाणी जेमतेम दोन चमचे. चहा उकळला, साखरेऐवजी गूळ घातला (कोल्हापुरात राहून गूळ नाही घालायचा तर काय!), गार करून काचेच्या बरणीत ओतला, चकती सोडली, वर मलमलीचं फडकं बांधलं. चकती गेली तळाला. नवव्या दिवशी वर ओलसर, सायीसारखा पापुद्रा. बुडबुडे जवळजवळ नाहीत, वास मात्र नाकात जाणारा.

घोळ पुढेच आहे. आईनं उसाचा रस मुरवून शिरका केलाय, त्यावरही हुबेहूब असाच पापुद्रा. दोन्ही बरण्या ओट्यावर शेजारी-शेजारी. आई म्हणते, "दोन्ही एकच रे, उगाच पैसे घातलास." विकणाऱ्याचं म्हणणं, चकती धरली म्हणजे कल्चर (विरजण) जिवंत.

मग कोंबुचाचं कल्चर नेमकं कशाला म्हणायचं? चकतीलाच का? शिरक्याचे जंतू माझ्या बरणीत शिरले असतील का? जाणकारांनी सांगावं.

सूक्ष्मदर्शक :
चकती बघून काहीच ठरत नाही. ती म्हणजे सेल्युलोज, कापसात असतो तसा तंतू. कोमागाटाइबॅक्टर जातीचे जिवाणू हवा मिळते तिथे, म्हणजे पृष्ठभागावर, ते विणतात. हेच जिवाणू शिरक्यातही सापडतात, त्यामुळे साय सारखी दिसली यात नवल नाही. आईंचं अर्धं बरोबर आहे!

फरक आहे तो यीस्टच्या सोबतीत. कोंबुचात यीस्ट साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, त्यातून अल्कोहोल आणि वायू तयार होतो. जिवाणू ते अल्कोहोल खाऊन ॲसेटिक आम्ल बनवतात, ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्लही. हे सगळं एकाच बरणीत, एकाच वेळी. शिरक्यात आधी रसाची दारू होते, मग दारूचा शिरका, आणि तोवर यीस्टचं काम बहुतेक आटोपलेलं असतं.

एकच ठरलेली जात नाही, हे लक्षात घ्या. यीस्ट कुठे ब्रेटानोमायसीस, कुठे झायगोसॅकरोमायसीस, लॅक्टिक (दह्यातल्यासारखे) जिवाणू कधी असतात, कधी नसतात. १९१३ साली लिंडाउ या जर्मन शास्त्रज्ञानं याला एकच बुरशी समजून मेड्यूसोमायसीस गिसेव्ही असं नावही देऊन टाकलं होतं. म्हणून कल्चर म्हणजे चकतीपेक्षा तिच्याभोवतीचं आंबट पाणी. दह्याचं विरजण समजा. तुमच्या पाकिटात तेच जेमतेम होतं.

मुरांबा :
नव्यानं लावा. एक लिटर चहाला शंभर मिली तरी जुनं आंबट पाणी हवं, म्हणजे चहा सुरुवातीपासूनच आंबट राहतो आणि बुरशी बसत नाही. कोरडी, केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर सगळंच फेका, खरवडून वापरायचं नाही. पहिले दोन-तीन घाणे साखरेवरच काढा. गुळावरही होतं, पण गाळ इतका येतो की काय चाललंय ते दिसत नाही. आणि तांब्या-पितळेचं भांडं चुकूनही नको, आम्ल धातू खातं.

धागाकर्ता :
आभार! कागदी पट्टीनं पीएच (आंबटपणाचं माप) बघितला, तीनच्या आसपास आला. आज उजेडात बरणी धरली तर पापुद्र्याखाली तपकिरी दोरे लोंबतायत. हे यीस्टच ना? मग शिरका नसावा.

सूक्ष्मदर्शक :
दोरे यीस्टचेच. तरी खात्री करायची तर याच पाण्यातलं शंभर मिली घेऊन साखरेच्या चहावर नवीन बरणी लावा. आठवड्यात गोडवा उतरला, बुडबुडे आले, तर कोंबुचा. आणि शिरक्याची बरणी जरा लांब सरकवा, निदान ढवळायचा डाव तरी वेगळा ठेवा.

धागाकर्ता :
बरणी सरकवली. आईनं आता विचारलंय, हे उपासाला चालतं का. थोडं अल्कोहोल असतं म्हटल्यावर तिनं बरणी माझ्या खोलीत आणून ठेवली.