हिरवा पडदा आणि ओबीएस: चित्र अडखळतं, आवाज मागे पडतो. सल्ला हवा (बजेट ७ हजार)

भूगोलताई (सोमवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. मी कऱ्हाडला नववी-दहावीला भूगोल शिकवते. आसपासच्या गावांतून एसटीने येणाऱ्या मुलांची गाडी चुकली की तास बुडतो, म्हणून पाठ रेकॉर्ड करून द्यायला लागले. मागे हिरवं कापड, ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर) क्रोमा की (कापडाचा रंग काढून तिथे दुसरं चित्र दाखवणं) आणि पार्श्वभूमीला नदीचं चित्रीकरण. मी प्रीतिसंगमाच्या काठावर उभी राहून शिकवतेय असं दिसतं, मुलांना फार आवडतं.

अडचणी दोन. चित्र झटके खात चालतं, हात हलवला की जास्तच. दुसरं, आवाज मी कॉलर माइक लावून मोबाइलवर वेगळा घेते आणि नंतर जोडते. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, पण ४० मिनिटांच्या पाठाच्या शेवटी पाव सेकंदाचा फरक पडलेला असतो.

लॅपटॉप आय-५ आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, एमएक्स १५० ग्राफिक्स. कॅमेरा एचडीएमआयमधून कॅप्चर कार्डावर (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण). कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर, ओबीएस १०८०पी आणि ६० वर. एकूण ७ हजार खर्च करू शकते. काय घेऊ?

पिक्सेलराव (रात्री ९:५२)
ताई, लॅपटॉप विकून टाका. माझ्याकडे आरटीएक्स ३०६० चा डेस्कटॉप आहे, दीड वर्षात एक फ्रेम गळली नाही. तीन कॅमेरे, दोन क्रोमा की, सगळं एकाच वेळी. साठेक हजारांत जुळवून देतील. एकदाच खर्च करा, पण नीट करा.

मुलुंडचा_मिक्सर (रात्री १०:०५)
आवाज मोबाइलवर घेणं ही मूळ चूक आहे. बावीस वर्षं भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतोय, मोबाइलवर कधी विसंबलो नाही. यूएसबी मिक्सर घ्या, त्याला चांगला कंडेन्सर माइक आणि स्टँड. १४-१५ हजार जातील, पण आवाज आयुष्यभर साथ देईल. लोक कॅमेऱ्यावर लाखभर घालवतात आणि आवाजासाठी हात आखडता घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सह्यवारा (रात्री १०:२०)
काही विकत घ्यायच्या आधी एक काम करा. ओबीएसमध्ये डॉक्स मेनूत स्टॅट्स उघडा, १० मिनिटं रेकॉर्ड करा आणि दोन ओळी वाचून इथे लिहा: रेंडरिंग लॅगमुळे गळालेल्या फ्रेम किती टक्के आणि एन्कोडिंग लॅगमुळे किती. पहिला आकडा मोठा असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे. दुसरा मोठा असेल तर व्हिडिओ दाबून फाइल बनवणाऱ्या भागाला झेपत नाहीये. दोन्हींचे इलाज वेगळे. पार्श्वभूमीची फाइल किती रेझोल्यूशनची आहे तेही सांगा.

हळदीकुंकू (रात्री १०:३१)
ताई, बांगड्यांकडे लक्ष द्या! जाऊबाईंच्या पाककृती आम्ही अशाच हिरव्या पडद्यावर काढतो. चैत्रात त्या हिरवा चुडा भरून आल्या. दोन तास शूटिंग झालं आणि बघतो तर मनगटाच्या जागी मागचं स्वयंपाकघर दिसतंय, पंजे नुसते हवेत. सगळं परत करावं लागलं. तेव्हापासून निळं पॉपलिन वापरतो. इस्त्री करूनच लावा, सुरकुतीची सावली पडली की तिथे क्रोमा की फाटते.

एडिसनकर (रात्री १०:४४)
मी न्यू जर्सीत मराठी शाळेचे वर्ग रेकॉर्ड करतो. ३० फ्रेम ठेवा, सगळीकडे तेच चालतं. आमच्याकडे पाच वर्षं ३० वर काम चाललंय, काही त्रास नाही.

गाळीव_वेळ (रात्री १०:५८)
एडिसनकर, तुमच्याकडे वीज ६० हर्ट्‌झची आहे म्हणून ३० जमतं. इथे ५० हर्ट्‌झ. दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लाटा येतात. तुमचा सल्ला मानून ३० वर १/६० लावलं, तर साध्या ट्यूबलाइटखाली पडद्यावर पट्टे फिरतील आणि त्या पट्ट्यांवर क्रोमा की टिकणार नाही.

एडिसनकर (रात्री ११:१०)
एलईडीला पट्टे येत नाहीत.

गाळीव_वेळ (रात्री ११:१४)
चांगल्या ड्रायव्हरच्या (आतल्या वीज नियंत्रकाच्या) एलईडीला येत नाहीत. स्वस्त बॅटनला (नळीसारख्या एलईडी दिव्याला) येतात, माझ्या स्वतःच्या खोलीत येतात. म्हणूनच सांगतोय.

पिक्सेलराव (रात्री ११:२०)
आरटीएक्समध्ये एनव्हेंक (व्हिडिओ दाबणारा वेगळा भाग) असतं, त्यामुळे प्रोसेसरवर भारच येत नाही. ताईंनी आत्ताही आउटपुटमध्ये एनव्हेंक निवडावं.

सह्यवारा (रात्री ११:२६)
एमएक्स १५० मध्ये एनव्हेंक नाही. त्यांना ते यादीत दिसणारच नाही. मात्र प्रोसेसरमध्ये तेच काम करणारं इंटेलचं क्विकसिंक आहे, गरज पडली तर ते वापरता येईल. आधी आकडे येऊ द्या.

खंडाळा_बोगदा (मंगळवार, सकाळी ७:१५)
माझा अनुभव लिहितो, कुणाचं तरी नुकसान वाचेल. गावच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग थेट पेन ड्राइव्हवर लावलं होतं. २८ मिनिटांनी बंद. ड्राइव्ह एफएटी३२ होता, त्यावर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. २० मेगाबिटने लिहिलं की सेकंदाला अडीच एमबी, म्हणजे अर्धा तासही पुरत नाही. उत्तररंग पूर्ण गेला. बुवा आता थकलेत, तसं कीर्तन परत होणं नाही. रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर करा आणि एमकेव्ही फॉरमॅटमध्ये करा. साधी एमपी४ फाइल मध्येच वीज गेली की उघडत नाही, एमकेव्हीत तोवरचं शाबूत राहतं. नंतर फाइल मेनूत रीमक्स केलं की एमपी४ मिळते.

हळदीकुंकू (सकाळी ७:४०)
एमकेव्हीला अनुमोदन. आमची पुरणपोळी अशीच गेली होती.

मुलुंडचा_मिक्सर (सकाळी ८:०२)
आवाजाचा प्रश्न बाजूलाच राहिला. मिक्सर घ्या.

भूगोलताई (सकाळी ८:३०)
सगळ्यांचे आभार. शाळेत निघण्याआधी चाचणी केली. रेंडरिंग लॅग ११ टक्के, एन्कोडिंग लॅग ०.३ टक्के. एन्कोडर (फाइल बनवणारा भाग) एक्स२६४ आहे, म्हणजे प्रोसेसरवर चालणारा. पार्श्वभूमीची फाइल ४के आहे, भाच्याने ड्रोनने काढून दिलेली. लॅपटॉप चार्जरवरच असतो.

सह्यवारा (सकाळी ८:४१)
मग चित्र उघड आहे. एन्कोडर बिचारा व्यवस्थित काम करतोय, त्याला हात लावू नका. ताण ग्राफिक्सवर आहे. ६० वर तुम्ही त्याच्याकडून दर १६.७ मिलिसेकंदाला एक तयार दृश्य मागताय: ४के नदी उलगडायची, लहान करायची, तुमच्यावरचा हिरवा काढायचा, दोन्ही एकत्र करायचं. २५ वर त्याला त्याच कामाला ४० मिलिसेकंद मिळतील.

आणि एकही फ्रेम गळली नाही तरी ६० वर झटके दिसणारच. कॅमेरा २५ देतो, त्यामुळे त्याची एक फ्रेम ओबीएस कधी २ वेळा दाखवतं, कधी ३ वेळा. हात हलवल्यावर जे खुपतं ते हेच. ३० केलंत तर दर सहावी फ्रेम आधीचीच परत येईल, म्हणून ३० सुद्धा नको. व्हिडिओ सेटिंगमध्ये '२५ पाल' निवडा.

पार्श्वभूमी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून १०८०पी आणि २५ करून घ्या, तो मोफत आहे. ओबीएस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, विंडोज त्याला ग्राफिक्सचा वेळ आधी देतं. या सगळ्याचा खर्च शून्य.

गाळीव_वेळ (सकाळी ९:०५)
आवाजाबद्दल. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असता तर सिंक ऑफसेटमध्ये (आवाज ठरावीक वेळाने पुढे-मागे सरकवायची सेटिंग) आकडा टाकून भागलं असतं. तुमचा वाढत जातो, कारण मोबाइलचं घड्याळ आणि लॅपटॉपचं घड्याळ वेगवेगळं चालतं. दोन्हीकडे आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने घ्यायचे) ४८ किलोहर्ट्‌झ ठेवा, एकीकडे ४४.१ नको. तरीही थोडा फरक पडेलच. उपाय: सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा आणि एडिटिंगमध्ये आवाज दोन टाळ्यांमध्ये ताणून बसवा. त्याहून चांगलं म्हणजे माइक कॅमेऱ्याच्या माइक जॅकला लावा. आवाज एचडीएमआयमधून चित्राबरोबरच येईल, मग घड्याळ एकच.

खंडाळा_बोगदा (सकाळी ९:२०)
कॅमेऱ्याला माइक लावा, माझंही हेच मत. ५०० रुपयांची लांब वायर पुरते.

पिक्सेलराव (सकाळी ९:४५)
२५ फ्रेम म्हणजे मागे जाणं आहे. आता सगळं ६० वर असतं.

सह्यवारा (सकाळी ९:५०)
कॅमेरा ६० देत असेल तर जरूर. ताईंचा २५ देतो. नसलेल्या फ्रेम कुठून येणार?

मुलुंडचा_मिक्सर (सकाळी १०:१०)
कॅमेऱ्याच्या जॅकमध्ये सूंऽऽ असा आवाज येतो, मी कित्येकांचा ऐकलाय. मिक्सर.

भूगोलताई (गुरुवार, रात्री ९:१५)
मंडळी, झालं! २५ केलं, नदी १०८०पी केली, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं. रेंडरिंग लॅग ०.१ टक्के. काल 'नदीचे कार्य' घेतलं, फळ्यासारखा हात फिरवला, एक झटका नाही. सह्यवारा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही, मी दोन महिने या लॅपटॉपवर चिडत होते. एमकेव्हीसुद्धा चालू केलं.

आवाजाचं मात्र तुम्ही सांगितलेलं मी काहीच करणार नाहीये. मोबाइलच ठेवते. मी नकाशापाशी जाते, परत येते, खाली बसून वाळूचा ढीग करून त्रिभुज प्रदेश दाखवते. वायर पायात येईल. टाळीही करून पाहिली, पण आवाज ताणत बसायला रात्री माझ्यात त्राण उरत नाही. त्याऐवजी पाठाचे आठ-आठ मिनिटांचे पाच तुकडे करतेय. ४० मिनिटांत पाव सेकंद म्हणजे ८ मिनिटांत ०.०५, साधारण एका फ्रेमएवढा. प्रत्येक तुकडा सुरुवातीला जुळवला की शेवटपर्यंत कळत नाही. शिवाय मुलांनाही एक मुद्दा परत बघायला सोपं जातं, ज्यांचा मोबाइल घरात सगळ्यांचा मिळून एकच असतो त्यांना तर फारच.

पैशांतून निळं पॉपलिन ५ मीटर आणि दोन एलईडी बॅटन घेतल्या, १,३५० रुपये झाले. दुकानातच मोबाइलने व्हिडिओ काढून पट्टे येतात का बघितलं, तिसऱ्या जोडीला आले नाहीत. उरलेले ठेवलेत. रोजच्या बांगड्या हिरव्याच असतात माझ्या, त्या काढायच्या नाहीत, म्हणून कापड निळं.

हळदीकुंकू (रात्री ९:२२)
बघा! निळ्यावर निळी साडी मात्र नको हं ताई.

गाळीव_वेळ (रात्री ९:३०)
तुकड्यांचं पटलं नव्हतं, आकडेमोड बघून पटलं. पण दर तुकड्याला एक टाळी ठेवाच, जुळवायला दहा सेकंद लागतील.

भूगोलताई (रात्री ९:३४)
टाळीऐवजी डस्टर आपटते. मुलं त्या आवाजाने लगेच सावध होतात.

मुलुंडचा_मिक्सर (रात्री ९:५०)
उरलेल्या पैशांत निदान कॉलर माइकसाठी फोमची टोपी घ्या. श्वास ऐकू येतो.

भूगोलताई (रात्री ९:५५)
हे उद्याच घेते, दादा.